पोर सबक देताना रडतंय? या चुका टाळा

मिरजेत, सांगलीत आपली बरीच मुलं दिवसभर मराठी शाळेत असतात आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर मकतबात, म्हणजे कुरआनच्या शिकवणीला, सबक (पाठ केलेला धडा) द्यायला येतात. दमलेल्या पोराला 'हाफिज (अख्खा कुरआन पाठ असलेला) व्हायचंय ना तुला?' असं विचारून बसवू नका. सात वर्षांच्या मुलाला कुरआनचे 30 पारे (भाग) म्हणजे किती, ते उमगत नाही. सूरह (अध्याय) कौसरच्या 3 आयती (वचनं) उमगतात. म्हणून तर मुलांना अम्म पारा, म्हणजे छोट्या सूरहंचा तिसावा पारा, आधी देतात, तोही शेवटाकडून.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे नवा सबक रेटायचा आणि मागचं ऐकायचंच नाही. घरी आल्या आल्या आपण विचारतो, 'किती झालं?' मग मूलही आकडाच वाढवत जातं. पुढे उस्ताद जुनी सूरह विचारतात, ते अडखळतं, बोलणी खातं आणि मकतबाच्या वेळेला त्याचं पोट दुखू लागतं. अशा वेळी आळशी म्हणू नका, आमुख्ता, म्हणजे मागचं पाठ केलेलं, तपासा. दावं सुटलेल्या उंटापेक्षाही कुरआन लवकर निसटतो, असं पैगंबरांनी (स.) बजावलंय, आणि ते मोठ्यांना. उस्तादांशी बोलून आठवडाभर नवा सबक थांबवा. सकाळी शाळेआधी दहा मिनिटं फक्त जुनं ऐका. रडं बहुतेकदा इथंच थांबतं.

काही चुका मुलाच्या नसतातच. सूरह काफिरूनमध्ये तिसरी आणि पाचवी आयत हुबेहूब सारखी आहे. पोरं पाचवीवरून पुन्हा चौथीकडे वळतात आणि गोल फिरत राहतात. तिसरीनंतर काय, पाचवीनंतर काय, एवढे दोनच जोड वेगळे म्हणून घ्या, गुंता सुटतो.

देवनागरीत लिहून पाठ करून घेऊ नका. से, सीन, स्वाद या तिन्ही अरबी अक्षरांचा 'स' होतो आणि बसलेला उच्चार नंतर हलत नाही. नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरं आणि उच्चार शिकवणारं पहिलं पुस्तक, आधी पक्का होऊ द्या.

आणि मारू नका. कुणीही मारत असेल, तर मूल तिथून काढा. अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे, ही हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ती मुलाला सांगा, चुलतभावाचे पारे मोजून दाखवू नका.

अर्थ मोठेपणी कळेल म्हणून सोडूनही देऊ नका. सूरह फील पाठ करण्याआधी काबेवर चालून आलेल्या अब्रहाचे हत्ती आणि खडे टाकणारे पक्षी घरच्या बोलीत सांगा. त्या 5 आयती मूल स्वतःहून मागतं.