व्हॅनिलाचा कोरा चहा करताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागात पाहुणा दारात दिसला की पातेलं गॅसवर चढतं, आलं ठेचलं जातं आणि चहा दोन-तीन उकळ्या येईपर्यंत खळखळत राहतो. दुधाच्या चहाला ही रीत शोभते. पण त्याच हाताने व्हॅनिलाचा चहा केला की बिघडतो. कुणी पुण्याहून पाकीट आणतं, कुणाच्या मुलाबरोबर परदेशातून डबा येतो. दोनदा करून बघितलं जातं, मग डबा फडताळात मागे सरकतो आणि घरचा निकाल ठरलेला: "चवीला काही नाही, नुसता वास." वास हाच त्या चहाचा जीव आहे, आणि तो कपापर्यंत पोचण्याआधीच आपण घालवलेला असतो.

उकळणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी हिच्याबद्दल. व्हॅनिलाचा मुख्य वास व्हॅनिलिन या घटकाचा. तो उकळीतही बऱ्यापैकी टिकतो, पण त्याच्या भोवतीचे हलके, फुलासारखे वास वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरात छान घमघमाट सुटतो. तेवढा वास कपातून गेला असं समजावं. दुसरीकडे उकळीत पत्तीचा तुरटपणा पुरता उतरतो आणि उरलेलं व्हॅनिलिन त्याच्याखाली दबून जातं.

पाणी वेगळं उकळा, गॅस बंद करा, मग पत्ती घाला आणि लगेच झाकण ठेवा. एका कपाला, म्हणजे साधारण १५० ते १८० मिली पाण्याला, मोठ्या पानाची पत्ती एक सपाट चमचा. तीन मिनिटं, फार तर चार. पाकिटावर ९५ अंशांचं पाणी वापरा असं लिहिलेलं असतं, त्यासाठी थर्मामीटर शोधायची गरज नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की झालं.

आपली रोजची दाणेदार पावडर सीटीसी पद्धतीची, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली असते. तिचे कण बारीक, म्हणून रंग आणि तुरटपणा भराभर उतरतो. ती वापरायची तर अर्धा चमचा आणि दोन मिनिटं पुरेत. माझं मत विचाराल तर व्हॅनिलासाठी पानाचीच पत्ती घ्यावी. सीटीसीचा जोर दुधाला हवा असतो, कोऱ्या चहात तो अंगावर येतो.

झाकणाकडे दुर्लक्ष करू नका. ते काढलं की आतल्या बाजूचे थेंब हुंगून बघा, काय वाचवलं ते लगेच कळेल.

हिरव्या शेंगेकडून वासाची अपेक्षा

ही चूक मी स्वतः केली. माझी मावसबहीण शिरसीकडे दिलेली आहे. तिच्या घरच्या सुपारीच्या बागेत मिरीच्या वेलांबरोबर व्हॅनिलाचेही वेल आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा चार हिरव्यागार शेंगा हौसेने घेऊन आले, चिरून चहाच्या डब्यात टाकल्या आणि पंधरा दिवस वाट बघितली. वास आला नाही तो नाहीच. उलट शेंगांचा ओलावा पत्तीला लागला आणि पाव किलो चहा फेकावा लागला.

हिरव्या शेंगेत व्हॅनिलिन साखरेच्या एका अंशाला बांधलेलं असतं, आणि बांधलेलं असेपर्यंत त्याला वास नसतो. शेंगा ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात, मग घोंगडीत गुंडाळून घाम आणतात, रोज थोडं ऊन देतात, नंतर सावलीत वाळवतात आणि शेवटी पेटीत मुरायला ठेवतात. या सगळ्याला काही महिने लागतात. या काळात शेंगेतलीच पाचक द्रव्यं ती गाठ सोडवतात, शेंग काळपट होते आणि मग वास येतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून जेमतेम एक किलो तयार माल हाती लागतो.

त्यातच हे फूल उमलतं एका सकाळपुरतं. वेल मूळचा मेक्सिकोकडचा, तिथले परागीभवन करणारे कीटक इथं नाहीत, त्यामुळे आपल्याकडे परागीभवन हाताने, बारीक काडीने करावं लागतं. ही हातची युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही शिरसीतली बाई सकाळी बागेत उभी राहून तेच करते. २००० साली जगात सर्वात जास्त व्हॅनिला पिकवणाऱ्या मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसला, भाव आकाशाला भिडले आणि कर्नाटकात अनेकांनी वेल लावले. २००५ च्या आसपास भाव कोसळला तेव्हा कितीतरी बागांत ते उपटले गेले. म्हणून कुणी मुरलेली शेंग दिली तर ती जपून वापरा. मुरलेली शेंग ओळखायला सोपी: गडद तपकिरी, तेलकट, बोटाभोवती गुंडाळली तरी न मोडणारी.

अशी अर्धी शेंग उभी चिरून, बारीक तुकडे करून, १०० ग्रॅम पत्तीत मिसळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे ठेवा. मधून मधून डबा हलवा. शेंगेवर पांढरं दिसलं तर लगेच टाकून देऊ नका, उजेडात धरून बघा. सुईसारखे चमकणारे कण असतील तर ते व्हॅनिलिनचेच स्फटिक, उत्तम शेंगेची खूण. कापसासारखं मऊ, निस्तेज काही असेल तर ती बुरशी, आणि मग सगळा डबा गेला.

इसेन्सचा हात सैल सोडणं

केकसाठी आणलेल्या बाटलीतून चमचाभर ओतलं की चहाला औषधाचा कडवट वास येतो. कपाला दोन थेंब, तेही चहा गाळल्यावर. यापेक्षा जास्त कधीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन असतं. त्याला नाक मुरडायचं कारण नाही: १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी ते प्रथम बनवलं आणि हा वास सामान्य घरांत पोचला. पण त्याचा वास एकसुरी असतो. प्रमाण वाढवून शेंगेची खोली त्याला येत नाही.

वास गोड म्हणून चव गोड समजणं

व्हॅनिला हुंगला की आइस्क्रीम आठवतं आणि जीभ गोडाची वाट बघते. घोट घेतला की कोऱ्या चहाचा तुरटपणा लागतो, मग "व्हॅनिला कमी पडला" म्हणून आणखी घातला जातो. कमी पडलेली असते साखर. अर्धा चमचा साखर घातली की तोच वास एकदम उठून येतो. गूळ मला फार प्रिय, पण इथं नको. त्याला स्वतःचा खमंग, किंचित खारट स्वभाव असतो आणि तो व्हॅनिलाला बोलू देत नाही. कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटवलेल्या दुधाची मिठाई, खाणार असाल तर मात्र साखरही घालू नका. बेळगावी कुंद्याच्या खरपूस गोडीवर बिनसाखरेचा व्हॅनिला चहा इतका जुळतो, की पाहुण्यांना मी आता हीच जोडी देते.

तवंग आणि मरगळलेला रंग

चहावर तेलकट सायीसारखा पातळ तवंग धरतो आणि कपाच्या कडेला तपकिरी वळ उमटतात, ते जड पाण्यामुळे. कॅल्शियमचे क्षार आणि चहातले घटक हवेत मिळून तो थर बनवतात. बेळगावात राकसकोप जलाशयातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर आत्याच्या घरी केलेला चहा आणि आमच्या बोरच्या पाण्यावर केलेला चहा, पत्ती एकाच डब्यातली, तरी दोन वेगळे चहा वाटले होते. बोरचं पाणी असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या, आणि दर वेळी नवं. लिंबाच्या दोन थेंबांनी तवंग विरतो, रंगही उजळतो, पण तेवढ्यावरच थांबा. फोड पिळली की तो लिंबाचा चहा झाला.

आलं, गवती चहा, वेलची यांतलं काहीही नको. दूध चालतं, पण गाळलेल्या चहात, गरम करून, दोन चमचे. म्हशीच्या दुधातली साय व्हॅनिलाला छान धरते, मात्र जास्त घातलं तर वास दुधातच अडकून बसतो.

पावसाळ्यातली साठवण

जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना मिठाचं पाणी कसं होतं ते सांगायला नको. चहाची पत्ती ओल ओढते आणि ओलीबरोबर शेजारचा वासही. मिसळणाच्या डब्याजवळ, कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवलेला व्हॅनिला चहा आठ दिवसांत भलत्याच वासाचा होतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, वरच्या कोरड्या फळीवर ठेवा, रोज लागेल तेवढी पत्ती लहान डबीत काढा. फ्रीज नको, बाहेर काढला की डब्यात दव धरतं. शेंगेचे तुकडे घातलेला डबा आषाढ-श्रावणात करूच नका, दिवाळीनंतर करा.

पातेलं आणि गाळणंही वेगळं ठेवलेलं बरं. आल्याच्या चहाची गाळणी कितीही घासली तरी जाळीत वास धरून असते.

उन्हाळ्यात हा चहा थंड छान लागतो. गरम केलेला चहा फ्रीजमध्ये ठेवल्यावर गढूळ होतो तेव्हा तो नासला असं समजून ओतून देऊ नका. थंडीत चहातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं एकत्र येऊन तो ढग बनतो, थोडं कढत पाणी घातलं की निवळतो. त्यापेक्षा पत्ती रात्री थेट गार पाण्यात भिजवा, लिटरला पाच-सहा चमचे, आणि सकाळी आठ तासांनी गाळा. तुरटपणा फार कमी उतरतो. थंड पेयाचा वास कमी जाणवतो, म्हणून गाळताना शेंगेचा एक तुकडा त्यात टाकून तासभर राहू द्या. तोच तुकडा नंतर पुसून, खडखडीत वाळवून साखरेच्या डब्यात ठेवला, तर पुढच्या चहाला ती साखर कामी येते.