छोट्या खोलीसाठी रिसीव्हर: आधी कपाटाची खोली मोजा

माझा पहिला रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरना वाटून देणारी ॲम्प्लिफायरची पेटी, मी वॅट बघून घेतला. घरी आणला तर तो टीव्हीखालच्या कपाटातून चार बोटं बाहेर डोकावायला लागला. काचेचं दार लागेना, म्हणून दार उतरवून ठेवलं. वायरींना जागा पुरेना, म्हणून मागची फळी कापली. एवढं करूनही लांबलचक सिनेमाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, नेमका खुनी सापडायच्या वेळी, तो तापून आपोआप बंद पडायचा. बिचाऱ्याचा दोष नव्हता. साडेतीन मीटर बाय तीन मीटरच्या खोलीत मी दिवाणखान्याचा ऐवज कोंबला होता.

दुसऱ्या वेळी दुकानात जायच्या आधी टेप काढली. ‘खोली’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही मोजावे लागतात: बसायची खोली आणि कपाटाची खोली. पहिली सगळे मोजतात. फसतात ते दुसरीत.

कारण असं, की ‘स्लिम’ रिसीव्हर फक्त उंचीला स्लिम असतो. रुंदी जवळपास सगळ्यांची ४३-४४ सेंटीमीटरच. मरँट्झचा सिनेमा ७०एस घ्या. उंची जेमतेम ११ सेंटीमीटर, पण खोली ३८ सेंटीमीटरच्या वर. उलट डेननचा एक्स१८००एच १५ सेंटीमीटर उंच, दिसायला ठोकळा, पण खोली सुमारे ३४ सेंटीमीटर. म्हणजे उथळ कपाटात बारीक अंगाचा बसणार नाही आणि जाडजूड मात्र बसेल. याच्यात वायरींची जागा मिळवा. जाड एचडीएमआय केबल काटकोनात वळत नाही, तिला वळायला पाच-सहा सेंटीमीटर लागतात. ४० सेंटीमीटर खोल कपाटात ३८चा रिसीव्हर कागदावर मावतो, प्रत्यक्षात नाही. मागे वायफायचे अँटेनाही असतात. ते उभे केले तर उंची एकदम वाढते, तेव्हा मापं वाचताना ती अँटेनासकट आहेत की नाहीत, तेही बघा.

मग हवा. बहुतेक रिसीव्हरमधला ॲम्प्लिफायर एबी वर्गाचा असतो आणि तो वीज खातो त्यातला मोठा हिस्सा उष्णता म्हणून बाहेर टाकतो. मी एकदा प्लगला मीटर लावून पाहिलं. आवाज जवळजवळ बंद असतानाही माझा रिसीव्हर चाळीस-पन्नास वॅट ओढत होता. बंद कपाटात एवढ्या वॅटचा जुना पिवळा दिवा तासन् तास पेटता ठेवल्यासारखं झालं. वरच्या जाळीवर किमान वीतभर जागा मोकळी हवी, आणि सेट टॉप बॉक्स त्या जाळीवर ठेवायचा नाही म्हणजे नाही. (आमच्या घरी त्या जागी एक फुलदाणीही येऊन गेली. ऊब मिळते म्हणून मांजर बसतं, ते वेगळंच.) काही मॉडेलमध्ये इको मोड असतो. आवाज कमी असताना तो वीज आणि ताप दोन्ही कमी करतो. छोट्या जागेत ही सोय मी महत्त्वाची मानतो. डी वर्गाचे ॲम्प्लिफायर मुळातच कमी तापतात, पण पाच-सात चॅनलच्या (एक चॅनल म्हणजे एका स्पीकरचा वेगळा आवाज) रिसीव्हरमध्ये ते कमी दिसतात.

आता वॅट. इथेच माझे पैसे गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते, समजा ८७ डेसिबल. याचा अर्थ १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही अडीच मीटरवर बसलात तर ढोबळमानाने आठ डेसिबल कमी धरा, म्हणजे ७९. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे एका वॅटमध्येच घरातला माणूस ‘जरा कमी करा’ म्हणतो. ५० वॅटला १७ डेसिबल वाढतात, ते झाले ९६. आणि ५०चे १०० केले तर? फक्त ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. सडपातळ रिसीव्हर चॅनलमागे ५० वॅट देतो म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा.

शिवाय खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा एकच चॅनल, ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के विकृती असताना मोजलेला असतो. खरा आकडा शोधायचा तो ‘दोन चॅनल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या ओळीत. तोही पाचही चॅनल एकदम वाजू लागले की खाली येतो, कारण वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच. तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील तर मात्र सावध राहा. छोट्या रिसीव्हरला ते जड जातात आणि ताप वाढतो. त्याला किमान किती ओहम चालतात, ते मागच्या बाजूला स्पीकरच्या टर्मिनलजवळ छापलेलं असतं.

चॅनल किती? सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि छोट्या खोलीत तो टेकलेलाच असतो, तर ७.१चा नाद सोडा (टिंबाआधीचा आकडा स्पीकरचा, नंतरचा १ म्हणजे सबवूफर, फक्त खालच्या जड स्वरांचा, म्हणजे बासचा, स्पीकर). मागचे दोन स्पीकर ठेवायला मागे जागाच नसते. ५.१ पुरे. बाजूचे स्पीकर कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, म्हणजे ९० ते ११० अंशांत ठेवायचे. सात चॅनलचा रिसीव्हर घेतलात तर उरलेले दोन छतासाठी वापरा, त्याला ५.१.२ म्हणतात. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बीचं तंत्र, घरात आलं २०१४पासून, आणि छोट्या खोलीत उंचीचा आवाज मागच्या आवाजापेक्षा जास्त गंमत देतो, असं माझं मत आहे. छताकडे तोंड करून ठेवायचे स्पीकर घेणार असाल तर छत सपाट आणि टणक हवं. आवाज त्यावर आपटूनच खाली येणार असतो.

खरं तर पाचांचीही सक्ती नाही. डावा, उजवा, मधला आणि एक सबवूफर, एवढ्यावर मी दोन वर्षं काढली. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न घरात दर दहा मिनिटांनी येत असेल तर बाजूचे दोन नंतर घ्या, मधला आधी.

आणि मधल्यालाही जागा नसेल तर रिसीव्हरच नको, एचडीएमआय असलेला छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर बघा. वीम ॲम्पसारखी पेटी १९ सेंटीमीटर चौरस असते, त्यात सबवूफरची जोडणीही आहे. दोन चांगले स्पीकर, मध्ये बसणारा एकच माणूस, बात संपली. बाजूला बसणाऱ्याला मात्र सगळे संवाद त्याच्या जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतील.

जोडणीचं थोडक्यात. रिसीव्हर आणि टीव्ही दोन्हीवर ‘ईआर्क’ (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) लिहिलेलं असेल तर उत्तम. नुसतं ‘आर्क’ २००९पासून आहे. त्यातून ओटीटीचा दाबलेला ॲटमॉस येतो, पण ब्लू-रेवरचा मूळ, काहीही न गमावलेला आवाज येत नाही. त्यासाठी ईआर्क लागतं. जुन्या ऑप्टिकल वायरमधून ५.१च्या पुढे काही जात नाही. चार एचडीएमआय इनपुट की सहा, यावर झोप घालवू नका. गेमचं यंत्र थेट टीव्हीला लावा, आवाज ईआर्कने परत येतो. झोन टू (दुसऱ्या खोलीतला आवाज), फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरसाठी), एफएम यांच्याकडे मी बघतही नाही.

उरलेलं लक्ष द्यायचं ते खोली-सुधारणेकडे, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज रिसीव्हरने मोजून सुधारण्याकडे. छोट्या खोलीचा खरा शत्रू वॅट नसून घुमणारा बास असतो. साडेतीन मीटरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४९ हर्ट्झची लाट अडकते, तीन मीटरमध्ये ५७ हर्ट्झची. त्या स्वरांवर खोली भोपळ्यासारखी घुमते आणि एक हात सरकून बसलं की तोच स्वर गायब. रिसीव्हरबरोबर येणारा मायक्रोफोन हे मोजतो आणि फुगवटे खाली आणतो. ऑडिसी या सुधारणा-सॉफ्टवेअरच्या तीन पायऱ्या आहेत: मल्टइक्यू, एक्सटी आणि एक्सटी३२. सबवूफरच्या पट्टीत एक्सटी३२चं काम बरंच बारीक चालतं. डिरॅक लाइव्ह आणि यामाहाचं वायपाओ हेही त्याच कामाचे. दोन रिसीव्हर जागेत बसत असतील तर मी ज्याची सुधारणा वरच्या पायरीची तो घेईन, वॅट निम्मे असले तरी. मात्र जो खड्डा खोलीनेच पाडलाय तो कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही. त्याला सबवूफर हाताने सरकवणं हाच उपाय.

रात्रीचा मोडही तपासा. स्फोट खाली आणि कुजबुज वर आणणारी ही सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसते तेव्हापासून आमच्याकडे तो जवळजवळ कायम चालू आहे.

रिसीव्हर घरी आला की मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, कानाच्या उंचीवर तिकाटण्यावर लावा. पंखा बंद, माणसं बाहेर. मोजणी झाल्यावर स्पीकरच्या यादीत जा. यंत्र कधी कधी पुढच्या जोडीला ‘लार्ज’ ठरवून मोकळं होतं. ते हाताने ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. खालचा जड बास सबवूफरचा स्वतःचा ॲम्प्लिफायर उचलतो, आणि रिसीव्हर किती थंड राहतो ते अर्ध्या तासाने त्याच्या जाळीवर हात ठेवून बघा. मांजर हटवावं लागेल.