चित्राचा सरासरी रंग काढताना या चुका टाळा

सरासरी रंग काढणाऱ्या कोडमध्ये चूक असली, तरी बहुधा अ‍ॅप बंद पडत नाही. पडद्यावर कोणता ना कोणता रंग येतोच, आणि तो थोडा काळपट असला तर मूळ छायाचित्रच तसे असेल असे मानून आपण पुढे जातो.

हा काळपटपणा बहुतेक वेळा थेट बेरजेतून येतो. एसआरजीबी (पडद्यांसाठीची प्रचलित रंगपद्धत) चित्रातील ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, तर सुमारे २२ टक्के. त्यामुळे निम्मे काळे आणि निम्मे पांढरे पिक्सेल असलेल्या बारीक चौकड्यांच्या चित्राची थेट सरासरी १२८ येत असली, तरी दुरून पाहताना दिसणारी राखाडी छटा १८८च्या जवळची असते. प्रत्येक आकडा आधी रेषीय प्रमाणात, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात, बदलावा, मग सरासरी काढावी आणि शेवटी ती पुन्हा एसआरजीबीत आणावी. शक्य किमती २५६च असल्याने त्यांचा तक्ता एकदा करून ठेवला, की वेग फारसा कमी होत नाही.

कॉटलिन या अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषेत बेरीज ३२ बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारात ठेवू नये. पांढऱ्याशुभ्र चित्रात सुमारे ८४ लाख पिक्सेलांनंतर ती मर्यादा ओलांडते आणि बेरीज काहीही न सांगता ऋण होते. आजच्या फोनचे १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र याहून मोठे असते. येथे ६४ बिटांचा लाँग वापरावा.

पारदर्शक पीएनजी चित्रात अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणारा आकडा) शून्य असलेले पिक्सेल अनेकदा काळे म्हणून साठवलेले असतात. म्हणून प्रत्येक रंगाला अल्फाने गुणून एकूण बेरजेला अल्फांच्या बेरजेने भागावे. मात्र आयओएसवरील बिटमॅपमध्ये हा गुणाकार बहुधा आधीच झालेला असतो, तो पुन्हा करू नये. आणि अल्फांची बेरीज शून्य आली, तर त्या चित्राला सरासरी रंगच नाही, हे कोडने स्पष्टपणे कळवावे.

अँड्रॉइडवर चित्र एकदम एका पिक्सेलइतके लहान करण्याची युक्ती मला धोक्याची वाटते, कारण चित्र लहान करताना वापरला जाणारा द्विरेषीय फिल्टर मोजक्या शेजारी पिक्सेलांकडेच पाहतो.

ह्यूच्या, म्हणजे रंगचक्रावरील रंगाच्या स्थानाच्या, अंशांची साधी सरासरीही घेऊ नये: ३५० आणि १० हे दोन्ही लाल, पण त्यांची सरासरी १८०, म्हणजे निळसर हिरवा.

चाचणीसाठी एक निव्वळ लाल चित्र ठेवावे. उत्तर निळे आले, तर बाइटांचा क्रम उलटा वाचला जात आहे. त्या चित्राची रुंदी ३३३सारखी विषम असावी, म्हणजे ओळीच्या शेवटी भरलेली जादा बाइट पिक्सेल म्हणून मोजली जात असेल तर तेही उघड होते.