पाण्यातून वर आल्यावरचे आठ तास

मे महिन्यात आमच्या विहिरीवर आठ-दहा पोरं पोहायला शिकतात. शाळेत पीटीचा मास्तर म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं. पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, गाठ ओढून बघायची आणि पोराला पायरीवरून पाण्यात सोडायचं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातीची दोरी सैल झाली, भोपळा मानेकडे सरकला आणि ती पालथी झाली. मी काठावरच होतो, पण कानाला फोन होता. ना ओरडा, ना हातपाय आपटणं. बुडणारं मूल हाका मारत नाही, हे मीच पोरांच्या आयांना सांगत आलो होतो.

बाहेर काढली तेव्हा ठसका लागला, थोडं पाणी उलटून पडलं, रडली आणि पाच-दहा मिनिटांत हसायला लागली. घरी आमटीत कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. हे झालं दहाच्या सुमारास. एक वाजला तरी खोकला चालूच होता. ती पेंगायला लागली तेव्हा मी म्हटलं, दमलीय, झोपू दे. अडीच वाजता बायकोनं हाक मारली, "अहो, हिचं पोट उडतंय बघा."

न्यूमोनिया झालेल्या बाळाचं पोट उडतं, हे आपल्याकडच्या बायकांना बरोबर कळतं. फ्रॉक वर करून बघितलं. श्वासागणिक बरगड्यांच्या मध्ये खड्डा पडत होता, नाकपुड्या फुगत होत्या. घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला ४४ श्वास. झोपेत, या वयाला, तीसच्या वर गेलं तरी दवाखाना गाठावा. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस ही हद्द. मोजताना पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला, दोन दिवसांनी घरी सोडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक गुळगुळीत थर असतो, त्यामुळे ते मिटत नाहीत. आत गेलेलं पाणी तो थर बिघडवतं. मग ओली प्लास्टिकची पिशवी चिकटून बसावी तसे फुगे चिकटतात, आत पाझर सुरू होतो आणि धाप हळूहळू वाढत जाते. त्यासाठी पोटभर पाणी प्यायला लागत नाही. पोटातलं पाणी वेगळं, छातीतलं वेगळं.

दर उन्हाळ्यात ‘ड्राय ड्राउनिंग’चा मेसेज फिरतो: पोहून आलेला मुलगा आठवड्याने अचानक गेला. त्यावर विश्वास ठेवू नका. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत ‘कोरडं बुडणं’, ‘दुय्यम बुडणं’ हे शब्दच टाकून द्यायचं ठरलं. बुडणं एकच, त्यातून कोणी मरतं, कोणाला इजा होते, कोणी धडधाकट सुटतं. त्रास व्हायचा असला तर पहिल्या काही तासांत दिसतो, बहुतेकदा आठ तासांच्या आत. आठ तास ठणठणीत राहिलेल्या पोराची पुढचे सात दिवस झोप मोडू नका.

पण त्या आठ तासांत डोळा हवा. अंघोळीत नाकात पाणी जाऊन दोनदा शिंकलं, त्याचं काही नाही. खोकला थांबत नसेल, वाढत असेल, छातीत टोचत असेल, तोंडाला फेस येत असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, पोर चिडचिडं नाहीतर विचित्र सुस्त झालं असेल, तर उठा, दवाखाना गाठा. ओठ निळसर दिसले तर १०८ लावा. पाण्यात बेशुद्ध पडलेलं किंवा तोंडाने श्वास द्यावा लागलेलं मूल लगेच शुद्धीवर आलं तरी थेट दवाखान्यात. झोपू द्यायला हरकत नाही, पण दर अर्ध्या तासाने दिव्यात श्वास बघा आणि हाक मारून उठतं का ते बघा. खोकल्याचं औषध पाजू नका. डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य हेच असू द्या, "पाण्यात बुडाली होती." आम्ही "खोकला झालाय" म्हणून सुरुवात केली आणि बाकावर बसून राहिलो.

मूल श्वासच घेत नसेल तर आपल्याकडे उलटं टांगतात, पोट दाबतात, गरगर फिरवतात. यातलं काही करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं घशाशी येऊन श्वासनलिकेत शिरतं. सपाट जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, तोंडाने पाच श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीसदा दाबा, छातीची एक तृतीयांश जाडी आत जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. मग दोन श्वास, पुन्हा तीस. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. आणि पोहता येत नसेल तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, साडी, धोतर, जे असेल ते फेका.

विहिरीपेक्षा मला आता शेततळ्याची धास्ती जास्त वाटते. विहिरीला निदान पायऱ्या असतात. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की चांगला पोहणारा गडीसुद्धा वर चढू शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, कुंपण घाला. रांगत्या पोरांच्या घरात पाण्याची बादली भरून ठेवू नका. पोर डोक्यानं जड असतं, वाकून आत गेलं की परत येत नाही.

बिंड्याची गाठ मी आता दोनदा बघतो: बांधताना एकदा आणि दोर भिजल्यावर एकदा, कारण भिजल्यावर गाठ सरकू शकते. काठावरच्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही. यंदा नात परत आली. पहिल्या दिवशी पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "आजोबा, फोन कुठाय?" घरी ठेवलाय, म्हटलं. तिने माझा खिसा चाचपला आणि मगच भोपळा बांधून घेतला.