गुलाबांच्या खोऱ्यात जायचे असेल तर पहाट गाठावी
बल्गेरियाच्या मध्यभागी, उत्तरेची स्तारा प्लानिना आणि दक्षिणेची स्रेदना गोरा या पर्वतरांगांच्या आडोशाला, कझानलक व कार्लोवो या गावांभोवती गुलाबांचे खोरे पसरले आहे. येथील गुलाब साधारणपणे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच बहरतो. जुलैचे तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला नुसती हिरवी झुडपे येतात. ऊन चढले की पाकळ्यांतील सुगंधी तेल उडू लागते, म्हणून तोडणी पहाटेच सुरू होते आणि त्यासाठी मुक्काम राजधानी सोफियाऐवजी कझानलकमध्ये ठेवणे सोयीचे. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी गुलाबोत्सवाची गर्दी उसळते, तेव्हा खोली फार आधी राखून ठेवावी. गर्दी नकोशी असेल तर मेचा शेवटचा आठवडा मला अधिक योग्य वाटतो. एक किलो तेलासाठी सुमारे ३ ते ४ टन फुले लागत असल्याने स्वस्तात मिळणाऱ्या ‘शुद्ध’ तेलाच्या कुपीवर विश्वास ठेवू नये, त्यापेक्षा गुलाबपाणी किंवा गुलाबाचा मुरंबा घ्यावा. दुपारी कझानलकमधील थ्रेसियन (या भागातील एका प्राचीन जमातीचे) थडगे पाहता येते. मूळ भित्तिचित्रे जपण्यासाठी सर्वसाधारण पर्यटकांना शेजारची प्रतिकृती दाखवतात. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो चलन लागू झाले आहे, त्यामुळे लेव्ह हे जुने चलन कोणी देऊ केल्यास घेऊ नये.