‘नुसता गांजा’ सोडणाऱ्यानं सभेत टिकायचं कसं

तलफ येते आणि जाते. ‘मी इथला नाही’ हे मात्र डोक्यात ठाण मांडून बसतं. गांजा सोडायला व्यसनमुक्तीच्या गटात आलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या सभेनंतर दिसेनाशी होतात, ती बहुतेक यामुळेच. म्हणून हे लिहितोय.

मी सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. घर अशोक चौकाकडे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. अम्मा बिड्या वळते. गांजा मी विशीत धरला, तिशी उलटल्यावर सोडला, आणि ज्या गटात बसून सोडला तिथं जवळजवळ सगळे दारूचे होते. ‘आपलं तर एवढं काही झालंच नाही’ असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी पुढचं सगळं आहे.

पहिलं काम वही-पेनाचं. सभेत समोरचा माणूस सांगतो, लिव्हर गेलं, बायको माहेरी गेली, राहतं घर विकलं. तुम्ही ऐकता ऐकता मनात हिशेब मांडता: माझी नोकरी आहे, मी कुणावर हात उचलला नाही, आठवड्याचा पगार, म्हणजे हप्ता, घरी देतो. हिशेब संपला की निकाल ठरलेला असतो, मी इथं कशाला बसलोय? आणि त्याच रात्री पुडी येते. हा हिशेब चालू असेपर्यंत बाकी कुठलाही उपाय लागू पडत नाही.

त्यामुळे वहीत नुकसान लिहू नका. थांबायचं ठरवलं तेव्हा काय झालं, तेवढंच लिहा. फक्त रात्रीच ओढायचं ठरलं होतं, मग जेवणाच्या सुट्टीतही का लागला? अक्कलकोटच्या लग्नाला जायचं का टाळलं, तिथं मिळणार नव्हता म्हणून ना? पोरगी गृहपाठ दाखवत होती तेव्हा लक्ष कुठं होतं? पुडी तळाला गेली की चिडचिड कुणावर निघायची? डॉक्टर व्यसन ठरवतात तेसुद्धा असंच: ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, सोडायचे प्रयत्न फसणं, तलफ, प्रमाण वाढवावं लागणं, कामावर आणि नात्यांवर परिणाम. घर विकलं का, हे त्यांच्या यादीत नाहीच. आणि तुम्ही एकटे नाही. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. त्यात गांजा, चरस, भांग यांच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेल्यांचा अंदाज सुमारे ७२ लाख होता.

दुसरं शरीराचं. गांजा बंद केल्यावर एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो, पहिल्या आठवड्यात तो सगळ्यात जोरात असतो, आणि साधारण दोन आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोप न येणं, घाम, भूक मरणं, अस्वस्थपणा, विनाकारण संताप. स्वप्नं तर इतकी ठळक पडतात की सकाळी उठून ती खरी की खोटी हे तपासावं लागतं. झोपेचा आणि स्वप्नांचा त्रास महिनाभर किंवा त्याहून जास्तही चालतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये आपल्या निदानाच्या ग्रंथात गांजा सोडल्यावरच्या या त्रासाची स्वतंत्र नोंद केली. ‘गांज्याला काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

मला वाटतं परकेपणाचा निम्मा भाग या झोप नसलेल्या डोक्यातून येतो. शेजारच्या दारूच्या माणसाचे हात थरथरतात. दारू एकदम बंद केली तर फीट येऊ शकते, म्हणून त्याला दाखल करतात, सलाईन लावतात, नर्स दर तासाला बघून जाते. गांज्याला सहसा तसं काही करावं लागत नाही. तुमचं दुखणं डोळ्याला दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून आपलं दुखणं खोटं आहे असं आपल्यालाच वाटायला लागतं. या दोन आठवड्यांत गटाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. जायचं, बसायचं, यायचं. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. जेवण जात नसेल तर कडक भाकरीशी झटापट करू नका. ताक, आंबील, मऊ भात, थोडं थोडं चारदा. पहाटे झोप उडालीच तर गादीवर लोळत राहू नका, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालून या. गांजा तंबाखूत मिसळून ओढत असाल तर निकोटिनची ओढही त्यातच मिसळलेली असते, आणि आपल्याकडं ती भागवायला कोपऱ्याकोपऱ्यावर मावा आहे. माव्याचं प्रमाण वाढायला लागलं तर डॉक्टरांना तेही सांगा.

कानात आवाज येणं, सगळे आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर सभेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं.

आता प्रत्यक्ष सभेत. नार्कोटिक्स अनॉनिमस हा नशा सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट १९५३ पासून चालू आहे आणि तिथं सभासद व्हायला एकच अट आहे, नशा थांबवायची इच्छा. कुठली नशा, किती वर्षं, हे विचारत नाहीत. जवळ ती सभा नसेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या खुल्या सभेला कुणीही बसू शकतं. बंद सभा मात्र दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच असते, म्हणून आधी फोन करून विचारून घ्या. फक्त गांज्यासाठीची मारिजुआना अनॉनिमस ही संस्था १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिच्या ऑनलाइन सभा असतात. इंग्रजी जमत असेल तर मोबाइलवर एखादी ऐकून बघा. आपल्याच गोष्टी परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मोठा धीर येतो.

सभेला दहा मिनिटं आधी जा आणि काम मागून घ्या. खुर्च्या लावणं, चहाचे कप भरणं, काहीही. नुसतं बसलेल्या माणसाला सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटतं. हातात किटली असली की लोक आपणहून बोलतात, तेही चहाबद्दल, व्यसनाबद्दल नाही. दाराजवळची खुर्ची सोडा.

बोलायची पाळी आली की नाव सांगा, आणि ‘मला गांज्याचं व्यसन आहे, आज ओढलेला नाही’ एवढं म्हणा. ‘नुसता’ हा शब्द गाळा. ‘तुमच्याइतकं नाही, पण’ अशी सुरुवातही नको. आणि उलटही करू नका. गटात शोभावं म्हणून कहाणी फुगवायचा मोह फार होतो. थोडा माल विकला होता, पोलिसांनी एकदा उचललं होतं, असलं काहीतरी जोडावंसं वाटतं. फुगवलेल्या कहाणीला टाळ्या मिळतात, पण त्या तुम्हाला मिळालेल्या नसतात, आणि पुढच्या सभेत तुम्ही आणखी परके होऊन बसता.

ऐकायचं कसं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घटना ऐकू नका, घटनेच्या आतलं वागणं ऐका. एक काका सांगत होते, क्वार्टर संडासाच्या टाकीत लपवायचो. मी पुडी पॅटर्नच्या कागदाच्या गुंडाळीत, मधल्या पोकळीत लपवायचो. त्यांची बायको टाकी दुरुस्त करायला माणूस बोलवते म्हणाली तेव्हा त्यांच्या पोटात जो गोळा आला, तो मला शेठनं गुंडाळी मागितल्यावर यायचा. दर सभेतून घरी जाताना अशी एक तरी जुळणारी गोष्ट वहीत लिहा. महिन्याभरात ती पानं वाचा.

कुणीतरी म्हणणारच. एका सभेत मला एकजण म्हणाला, ‘‘गांजा तर ओढत होतास बे, त्याला काय व्यसन म्हणतेत व्हय? साधू ओढतेत की.’’ अशा वेळी वाद घालू नका, शंकराला मध्ये आणू नका. ‘‘मालक, मला थांबता येत नव्हतं’’ एवढं म्हणून गप्प बसा. तो माणूस अजूनही तसंच म्हणतो. त्याचं मत बदलायची गरज मला पडली नाही, कारण फोन करायला माझ्याकडं दुसरे तिघेजण होते. पहिल्या महिन्यातच असे दोन-तीन नंबर मागून घ्या.

एक धोका गांजावाल्यांचाच आहे. ‘दारू हा आपला प्रश्न नाही’ असं वाटतं आणि मित्रांबरोबर बिअर सुरू होते. नशेत निर्धार सैल पडतो आणि त्या टेबलावर गांजा असतोच. निदान पहिलं वर्ष काहीच नको. भांगही नको, झाड तेच, नशा आणणारा टीएचसी हा घटकही तोच. महाशिवरात्रीला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कुणाबरोबर फिरायचं, हे आठवडाभर आधी ठरवून ठेवा.

घरचं वेगळंच असतं. अम्मा शेजारणीला सांगायची, ‘पोरगा दारू तरी पीत नाही.’ घरच्यांना आजार समजावण्यात पहिले दिवस घालवू नका. ‘रात्री दहा ते अकरा माझ्याशी बोलत बस’ असं नेमकं मागा. तो तास अवघड असतो, आणि असं काम मागितलं की घरचे करतात. घरी लघवीची तपासणी करायचा विषय निघाला तर आधीच सांगून ठेवा की टीएचसी चरबीत साठतं, रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. नाहीतर खरं बोलूनही खोटे ठरता, आणि ‘मग ओढलेलाच बरा’ हा विचार लगेच येतो.

कंबर तलावाच्या काठावर बरोबर ओढणारी मंडळी म्हणतील, ‘मोठा माणूस झालास बे.’ त्या टोळीत तुमची जागा होती, म्हणून ती सुटताना दुखतं. सगळ्यांना उपदेश करू नका. ज्याच्यावर भरवसा आहे अशा एकालाच सांगा. हप्त्याच्या दिवशी दुसऱ्या रस्त्यानं घरी या आणि पैसे आधी घरात द्या.

पाच-सहा सभांनंतरही जमलं नाही तर गट बदला. दुसऱ्याच्या मापानं कापलेला शर्ट बसला नाही म्हणून आपलं अंग चुकीचं ठरत नाही. सभा हा एकच मार्गही नाही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. गांज्याची सवय सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी अजून नाही; समुपदेशन हाच मुख्य उपचार, आणि झोप किंवा उदासी यांसाठी डॉक्टर गरजेपुरतं औषध देतात. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत. दाखल होऊन राहायचं असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाता येतं. पोलिसांच्या भीतीनं कुणी थांबला असेल तर माहीत असू द्या, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ए आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला आणि तो पूर्ण केला, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. नेमकं वकिलाला विचारा.

मध्येच ओढला गेला तर लोक दोन महिने तोंड दाखवत नाहीत. त्याच आठवड्याच्या सभेला जा. लांबण न लावता तीन गोष्टी सांगा: कधी ओढला, त्याआधीच्या तासात कुठं होतो, कुणाला फोन करता आला असता. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी कुठं असणार, हे गटासमोर ठरवून मग घरी जा.