पाण्याचे दर ठरवताना या चुका टाळा: इंदूरच्या नळाचा हिशेब

जलकर वाढणार म्हटलं की वॉर्डात चर्चा होते ती फक्त किती रुपये वाढले याची. दरपत्रकाखालच्या बारीक अटी कोणी वाचत नाही, आणि बिल बिघडतं ते नेमकं तिथेच. मोहल्ला समिती, सोसायटी किंवा व्यापारी संघटना हरकत नोंदवणार असेल, तर पुढच्या गोष्टी आधी तपासा.

खर्च न काढता दर जाहीर करणे

इंदूरला नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. अंतर सुमारे 70 किलोमीटर, आणि विंध्याचा चढ 500 मीटरहून जास्त. 1000 लिटर पाणी 500 मीटर वर चढवायला किमान 1.36 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून 70 टक्के कार्यक्षम असतील तर ही वीज 2 युनिटांच्या जवळ जाते. पाइपातलं घर्षण वेगळंच. युनिटला 7 रुपये धरले तरी नुसत्या चढाचे 14 रुपये झाले. त्यातलं 30 टक्के पाणी गळती आणि चोरीत गेलं, तर बिलात येणाऱ्या प्रत्येक हजार लिटरवर विजेचेच 20 रुपये पडतात.

इथे एक आग्रह धरा. केंद्राच्या 2008 च्या सेवा-मानकांत बिलाबाहेरच्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. दर काढताना तेवढंच नुकसान ग्राहकाच्या माथी धरावं. त्यावरची गळती निगमने, म्हणजे इंदूरच्या महापालिकेने, आपल्या खात्यात सोसावी. नाहीतर गळती बुजवायची घाई कोणाला असेल? निगमने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचं कर्ज) काढले ते 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. त्यातून वीजबिल उतरलं तर ती बचत दरपत्रकात कुठे दिसणार, हेही लेखी मागा.

टप्पे नळावर मोजणे, कुटुंबांवर नाही

सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. समजा दर असे आहेत: पहिले 15 हजार लिटर हजारी 8 रुपये, पुढचे 15 हजार 16 रुपये, त्यावर 30 रुपये. स्वतंत्र नळ असलेलं घर महिन्याला 15 हजार लिटर वापरतं आणि 120 रुपये भरतं. जुन्या वाड्यात एकाच नळावर तीन बिऱ्हाडं असतील तर वापर 45 हजार, बिल 120 + 240 + 450 म्हणजे 810. प्रत्येक बिऱ्हाडाला 270. पाणी तेवढंच, पैसे दुपटीहून जास्त, आणि भरणारे बहुधा भाडेकरू. उपाय सोपा आहे: टप्प्याची मर्यादा बिऱ्हाडांच्या संख्येने गुणा. तीन बिऱ्हाडांना पहिला टप्पा 45 हजारांचा, बिल 360. संख्येसाठी रेशनकार्ड किंवा वीजमीटर बघता येतात.

पहिला टप्पा किती मोठा असावा? माणशी रोज 135 लिटर हे मानक धरलं तर पाच जणांना महिन्याला साधारण 20 हजार लिटर लागतात. टप्पा 10 हजारांवर तोडला तर साध्या घरालाही चैनीचा दर लागतो.

याच कोष्टकात आणखी दोन सापळे आहेत. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या पाण्याला लागतो की सगळ्याच पाण्याला, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. सगळ्याला लागला तर 15 हजारांचं बिल 120 आणि 16 हजारांचं 256. एका हजार लिटरचे 136 रुपये! दुसरा सापळा तारखांचा. रीडिंगवाला 30 ऐवजी 42 दिवसांनी आला तर रोज 500 लिटर वापरणाऱ्याचे 21 हजार दिसतात आणि 168 ऐवजी 216 रुपये येतात. म्हणून टप्पा दिवसांच्या प्रमाणात वाढायला हवा, आणि बिलावर दोन्ही रीडिंगच्या तारखा हव्यात.

मीटर लावला की झालं, असं समजणे

दिवसाआड, ठरावीक वेळच येणाऱ्या पाण्यात मीटर दोन्ही बाजूंनी फसवतो. पाणी सुटताना पाइपातली हवा काटा फिरवते, बिल वाढतं. उलट टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह बंद होत आला की धार बारीक होते. साध्या 15 मिलिमीटर ‘ब’ वर्गाच्या (अचूकतेच्या वर्गवारीतला एक वर्ग) मीटरची खालची मर्यादा ताशी 30 लिटर असते. त्याखालचं पाणी नीट मोजलं जात नाही. लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवायचं काम निगमचं, ग्राहकाचं नव्हे.

शंका आली तर आधी घरातले सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटरचा छोटा त्रिकोण बघा. फिरत असेल तर घरातच गळती आहे. मग मोजलेली 100 लिटरची टाकी पूर्ण धारेने भरा. मीटरने 98 ते 102 दाखवावेत. त्यापलीकडे गेला तर तपासणीचा अर्ज द्या.

धंद्याला एकाच मापाने मोजणे

नळाच्या इंचावर, म्हणजे जोडणीच्या पाइपाच्या जाडीवर, दर लावला की चहाची टपरी आणि धुलाई केंद्र सारखेच. इंदूरच्या सराफा बाजारात तर दिवसा दागिन्यांचं दुकान, रात्री त्याच ओट्यावर खाऊचे ठेले. नळाच्या इंचातून काय कळणार? लीटरवरच मोजा. घरात शिवणकाम किंवा शिकवणी चालते म्हणून व्यावसायिक दर लावू नका, वापर घरगुती मर्यादेत असेपर्यंत.

व्यावसायिक दर घरगुतीच्या चौपट-पाचपट नेला तर मोठं हॉटेल सरळ बोअर आणि टँकरकडे वळतं, आणि त्याने सोडलेला स्थिर खर्च (वापर घटला तरी न घटणारा) घरांवर येतो. शिवाय सांडपाणी शुल्क नळाच्या बिलावर टक्केवारीने असेल तर बोअरवाल्याला ते लागतच नाही, गटारात मात्र त्याचंही पाणी जातं. वापरल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग सांडपाणी होतो. तेव्हा बोअरलाही मीटर बसवा, नाहीतर खोल्या मोजून शुल्क लावा.

वर्षानुवर्षं दर गोठवून एकदम दुप्पट करणे

दरवर्षी 7 टक्के वाढवला तरी दहा वर्षांत दर दुप्पटच होतो, पण घरखर्चाला धक्का बसत नाही. आणि ज्यांच्याकडे नळच नाही त्यांना स्वस्त पहिल्या टप्प्याचा काडीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी नव्या जोडणीचं शुल्क बिलातून 24 हप्त्यांत घ्या.